येतो, ठेवतो, लेफ्ट : निरोपाच्या शब्दांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणाच्या घरून उठणारा पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सोप्यातून उठताना एकदा, उंबऱ्यापाशी चपला पायात सरकवताना दुसऱ्यांदा आणि रस्त्यावर उतरून मागे वळताना तिसऱ्यांदा. मधल्या वेळेत, बैठकीत न निघालेला एखादा महत्त्वाचा विषय नेमका दारात निघतो आणि आणखी पाव तास जातो. इथल्या कित्येक बायकाही ‘येते’ न म्हणता ‘येतो’च म्हणतात, तो या भागाच्या बोलीचा जुना विशेष आहे. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मात्र असा शब्दच नाही. तिथे माणूस बोलता बोलता गप्प होतो आणि तो उठून गेला, रागावला की जेवायला बसला, हे इतरांना कळत नाही. ऑनलाइन वावरात जे अवघडलेपण जाणवते, त्यातले बरेचसे भेटीच्या सुरुवातीचे नसून तिच्या न झालेल्या शेवटाचे असते, असे मला वाटते. ते समजून घ्यायचे तर आधी मराठी माणसाने भेट आणि निरोप यांची व्यवस्था कशी लावली होती, ते पाहावे लागते.

‘रामराम’ हा शब्द भेटताना चालतो आणि निघतानाही चालतो. म्हणून तर एखादी नोकरी सोडणाऱ्याने तिला ‘रामराम ठोकला’ असे आपण म्हणतो. पत्रव्यवहारात हीच दोन टोके अधिक काटेकोर होती. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि साष्टांग नमस्कार, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. दरबारी पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ अशी लांबलचक बिरुदे येत. हे मायने आज अवडंबर वाटतात, पण त्यांनी लिहिणाऱ्याची एक मोठी अडचण सोडवलेली होती. समोरच्यापुढे आपण कुठे उभे आहोत आणि कोणत्या शब्दाने थांबायचे, हे त्याला दर वेळी नव्याने ठरवावे लागत नसे.

या सोयीची किंमत मात्र काहींनी फार जबर मोजली. कुणी कुणाला काय म्हणायचे हे जातीने ठरत असे आणि ते मोडणाऱ्याविरुद्ध सरकारदरबारी दाद मागितली जाई. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनार समाजाला अभिवादनात ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, कारण पुण्याच्या ब्राह्मणांचा त्याला आक्षेप होता. महारांनी वाकून ‘जोहार’ घालायचा आणि तो घेणाऱ्याने उलट अभिवादन करायचेच नाही, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ज्या शब्दाला उत्तर मिळत नाही, तो शब्द म्हणजे हजेरी झाली. त्याला भेट कसे म्हणायचे? १९३०च्या दशकात नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांनी ‘जय भीम’ रूढ करण्यासाठी जे परिश्रम घेतले, त्यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. या अभिवादनाला त्याच शब्दांत उत्तर मिळते आणि कुणालाही वाकावे लागत नाही.

कोल्हापूरने या इतिहासात घातलेली भर शब्दाची नाही, चहाच्या कपाची आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना भांडवल देऊन शहरात चहाचे हॉटेल काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना, म्हणून महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींच्या मुजऱ्याला सरावलेल्या शहरात राजाने रस्त्यावर थांबून चहा मागावा, ही साधी गोष्ट नव्हती. आजही या गावात ‘काय भावा’ला पुढचे वाक्य ‘चहा घेऊया’ असेच असते, आणि ते नाकारणे सोपे नसते. मंगळवार पेठेपासून शिवाजी पेठेपर्यंतच्या तालमींत आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ओळख पक्की होते ती अशीच, हातात काहीतरी घेऊन. कप रिकामा झाला की उठायला कारणही मिळते.

टेलिफोनने हे कारण काढून घेतले. ‘हॅलो’ हा शब्द फोनसाठी सुचवला एडिसनने, १८७७ साली. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या बेलची पसंती ‘अहॉय’ला होती. आपण ‘हॅलो’ जसाच्या तसा घेतला, पण संपवण्याचा शब्द मात्र मराठीने स्वतः घडवला. रिसीव्हर खाली ठेवायचा असे, म्हणून ‘ठेवतो’, आणि त्याआधी ‘ठेवू का?’ अशी परवानगी. आज ठेवायला काहीच उरलेले नाही, तरी मोबाइलवर तोच शब्द चालतो. त्या काळचा अवघडलेपणा वेगळा होता. घरी फोन नसलेली माणसे शेजारच्यांचा नंबर ‘पी.पी.’ लिहून देत. फोनसाठी बोलावणे आले की हातातले काम टाकून दुसऱ्याच्या बैठकीच्या खोलीत उभे राहायचे, त्यांच्या देखत घरच्या अडचणी हळू आवाजात सांगायच्या, फोन ठेवायचा आणि वर त्या घरच्यांनाही ‘येतो’ म्हणायचे. एका फोनला दोन निरोप लागत. पुढे एसटीडी बूथ आले, ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले.

व्हॉट्सअॅप २००९ साली निघाले. त्यात एक बदल असा होता की, बोलणे सुरू करायला अभिवादन लागत नव्हते आणि संपवायला निरोप लागत नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिक्स आल्या आणि ‘वाचले, पण उत्तर दिले नाही’ हे सर्वांना दिसू लागले. एका अर्थाने जोहाराला न मिळणाऱ्या उत्तरासारखेच हे मौन. फरक एवढाच की, ते आता कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. सकाळची ‘सुप्रभात’ चित्रे मला त्या मौनाला घाबरून पाठवलेली वाटतात. त्यांचे प्रमाण भारतात इतके वाढले की, त्यांनी फोन भरून अडकू लागल्याचे गूगलला आढळले आणि २०१८च्या सुरुवातीला त्याची बातमी झाली. ग्रुप सोडणे तर आणखी कठीण होते. सोडणाऱ्याचे नाव सर्वांसमोर उमटे आणि ‘अमका लेफ्ट झाला’ हा पेठेत चर्चेचा विषय होई. २०२२च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ते बदलले आणि ग्रुप सोडल्याचे फक्त अॅडमिनलाच कळेल अशी सोय केली.

न सांगता निघण्याची एकच जागा आपल्या रिवाजात पूर्वीपासून होती. ज्या घरात मृत्यू झाला आहे, तिथे समाचाराला गेलेला माणूस उठताना ‘येतो’ म्हणत नाही. अशा प्रसंगी पुन्हा येणे होऊ नये, म्हणून तो नुसता उठतो आणि चालू लागतो. ते मौन घरच्यांना कळते, कारण एरवी तो शब्द असतो. ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि तिच्याच मध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो, तेव्हा पाठवणाऱ्याचा दोष नसतो. एका प्रसंगातून उठून दुसऱ्यात जायला तिथे उंबराच नाही.

आमच्या गल्लीचा ग्रुप २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात तयार झाला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत ना रामराम, ना नमस्कार. फूट-इंचांचा आकडा हेच अभिवादन होते आणि ‘तुमच्यात पाणी कुठवर आलंय?’ हीच विचारपूस. ज्यांच्याशी दहा वर्षांत नुसती मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, त्यांनी एकमेकांच्या घरातली म्हातारी माणसे बाहेर काढली. पाणी उतरले, चिखल निघाला आणि ग्रुप गप्प झाला. कुणी ‘ठेवतो’ म्हटले नाही, कुणी लेफ्टही झाले नाही. २०२१च्या जुलैमध्ये एका पहाटे त्यावर पुन्हा बंधाऱ्याचा आकडा आला आणि खाली लगेच विचारणा झाली, ‘मागच्या आळीतल्या काकी एकट्याच आहेत, कोण जातंय?’