टेबलावरचे मळे: मॉड्युलर प्लँटेशन टेरेन आलं कुठून

छोट्या सैनिकांची लढाई टेबलावर खेळणाऱ्यांमध्ये सध्या रबराचे, नारळाचे, उसाचे मळे करायची हौस वाढलीये, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींतही दोघा-तिघांनी असे सेट करायला घेतलेत, म्हणून म्हटलं यामागचा इतिहास एकदा नीट लिहून काढावा, कारण सुटे तुकडे हवे तसे जोडून खेळाची जमीन उभी करायची, म्हणजे मॉड्युलर टेरेनची, कल्पना अजिबात आजकालची नाहीये.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राज्यात 1668 पासून सरहद्दीवरच्या किल्ल्यांची मॉडेलं करायला लागले, स्केल 1:600, आणि ती इतकी अवाढव्य की वेगवेगळ्या टेबलांवर तुकड्या-तुकड्यांनी करून मग एकमेकांना भिडवायची. झाडाझुडपांसाठी तेव्हाच रेशीम वापरलं गेलंय, आपण आज पाकिटातून फ्लॉक, म्हणजे गवत-पाल्यासाठीचा रंगीत चुरा, आणतो त्याचा हा आजोबा. पण तुकडे जोडता येत असले तरी त्यातून गाव एकच व्हायचं, दुसरं काही मांडता येत नव्हतं. ते आलं पुढे जर्मन भाषिक मुलखात. ब्रुन्सविकच्या हेलविगने 1780 मध्ये लढाईच्या खेळासाठी बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर रंगीत घरांनी डोंगर, पाणी, दलदल दाखवली आणि मग प्रशियात लढाईचे खेळ करणाऱ्या राइसविट्झ बाप-लेकांतल्या थोरल्याने खरी उडी मारली.

हा माणूस आधी ओल्या वाळूच्या टेबलावर खेळ मांडायचा. राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम बघणार म्हटल्यावर त्याला वाळू काही शोभेना, म्हणून त्याने वेळ लावून 1812 मध्ये एक सुंदर लाकडी टेबलच करून दिलं, त्याच्या खणांमध्ये प्लास्टरच्या रंगवलेल्या टाइल्स, कशावर रस्ता, कशावर नदी, कशावर टेकडी, आणि त्या हव्या तशा लावून दर वेळी नवीन मुलूख तयार. माझ्या मते मॉड्युलर टेरेनचा जन्म इथेच झाला. मुलाने 1824 मध्ये टाइल्स सोडून 1:8000 चे नकाशे घेतले, फौजेला तेच सोयीचं पडलं आणि टाइल मागे राहिली. वाळू मात्र फौजेने सोडली नाही, आपल्या सैन्यात हल्ला समजावून सांगायला सॅन्ड मॉडेल आजही करतात, आणि इन्फन्ट्री स्कूल इंदूरपासून तासाभरावर महूलाच असल्यामुळे इथल्या फौजी घरांमधून हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो.

घरगुती खेळाला जोर आला तो एच. जी. वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले तेव्हा, त्याचा मुलूख म्हणजे लाकडी ठोकळे, फळ्या आणि बागेतल्या डहाळ्या. पुढे आगगाडीची मॉडेलं करणाऱ्यांकडून रंगवलेला भुसा, फोमचा चुरा, तारेची झाडं हे सगळं वॉरगेमवाल्यांनी उचललं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यात माती, गोणपाट, मावळे आणि हिरवळीसाठी पेरलेले हळीव असतातच, त्यामुळे मराठी घरातल्या पोराला हे काम वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मळ्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. जंगल कसंही लावा, चालतं. मळा म्हणजे मात्र माणसाने दोरी धरून आखलेली जमीन, झाडं सरळ रांगेत, आणि लढाईत त्या रांगांचाच परिणाम होतो, रांगेच्या दिशेने पाहिलं तर लांबपर्यंत दिसतं आणि जरा तिरकं उभं राहिलं की खोडांच्या मागे सगळं झाकलं जातं. पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर 21 ऑगस्ट 1942 ला जपानी कर्नल इचिकीच्या तुकडीचा धुव्वा उडाला तो लीव्हर कंपनीच्या नारळाच्या बागेपाशी. त्याच वर्षी 7 जानेवारीला मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, स्लिम नदीच्या लढाईत जपानी रणगाडे जंगलातून आणि रबराच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्याने घुसले, समोर 5/2 पंजाब आणि 4/19 हैदराबाद या आपल्या पलटणी होत्या, आणि ही लढाई आपल्याकडे इतकी कमी मांडली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून टाइल करताना रांग एका टाइलवरून दुसरीवर न तुटता गेली पाहिजे, आणि त्याचा हिशोब सोपा आहे, दोन झाडांत जेवढं अंतर त्याच्या निम्मं कडेला सोडायचं, मग टाइल कशीही फिरवा, रांग जुळते. नारळात साधारण 8 मीटर धरलं तर 1:72 च्या स्केलला 11 सेंटीमीटर, म्हणजे 33 सेंटीमीटरच्या टाइलवर तीन-तीनच्या रांगेत नऊ माड, कडेला साडेपाच. रबराला सुमारे 6 मीटर धरा, त्याच टाइलवर चार-चार करून सोळा झाडं बसतात, म्हणजे एकाच मापात दोन्ही मळे. नारळ त्रिकोणी पद्धतीनेही लावतात आणि तशा बागेला षटकोनी टाइल जास्त शोभते, बाकी मळ्यांसाठी मी चौकोनच घेईन. माडाचं खोड जाड तारेवर सुतळी गुंडाळून केलं की वळ्या आपोआप दिसतात. रबराच्या खोडावर मात्र तिरकी चीर आणि खाली चिकाची वाटी हवी, अर्धा कापलेला मणी आतून पांढरा रंगवला की झालं, एवढ्याशा वाटीने ते झाड रबराचं होतं.

उसाचं वेगळं. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, ऑगस्ट 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला तेव्हा उत्तरेकडच्या सपाटीवरचे उसाचे मळे पेटवून दिले, हा प्रसंग मांडायचा तर ऊस टाइलवर चिकटवून चालणार नाही, सुटे पट्टे हवेत, उचलले की खाली काळी जळकी जमीन दिसेल असे.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक सेटमध्ये मालकाचा बंगला अगदी प्रेमाने केलेला असतो, पण मजुरांच्या खोल्यांची ओळ, ज्याला मळ्यावर लाईन म्हणायचे, ती नसतेच. मलायात रबराचा चीक काढणारे कितीतरी लोक तामिळ मुलखातून नेलेले होते, सेंट-डोमिंगमध्ये तर 1789 च्या सुमारास जवळजवळ पाच लाख माणसं गुलाम होती, हे सगळं वगळून मळा करायचा म्हणजे नुसती झाडं उरतात. 1948 ते 1960 च्या मलायातल्या, ब्रिटिश आणि कम्युनिस्ट बंडखोरांमधल्या लढ्यावरचा गेम तर या वस्तीशिवाय मांडताच येत नाही, कारण तिकडे झगडा रेशन कुणाला मिळतं आणि खबर कोण देतं यावर होता.

इंदूरचा या मळ्यांशी एक वेगळाच धागा आहे. इथे 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेती-शास्त्रज्ञाने शेती संशोधनाची संस्था उभी केली आणि तिथे बसवलेली कंपोस्टची इंदूर पद्धत पुढे केनियातल्या कॉफीच्या आणि सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांपर्यंत पोचली, तेव्हा चहा-कॉफीची टाइल करणाऱ्याने कोपऱ्यात कंपोस्टचे लांबट ढीग जरूर दाखवावेत. सामानाचं म्हणाल तर थर्माकोल टाळा, कापताना दाणे सुटतात. गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात ती दाट फोम शीट घ्या आणि खाली पातळ प्लाय लावा म्हणजे टाइल वाकणार नाही. उसासाठी काथ्याचं पायपुसणं पट्ट्या कापून, हिरवा-पिवळा रंग कोरड्या ब्रशने फिरवून. बाकी तार, सुतळी, फेविकॉल, मणी सगळं सियागंज-रानीपुऱ्याच्या एका फेरीत मिळतं.