रोडसाइड असिस्टन्स विम्यात आले कुठून?

मोटार विम्याची पॉलिसी पैशांत बोलते: विमा रक्कम, घसारा, दाव्यातून वजा होणारा हिस्सा. रोडसाइड असिस्टन्सचे, म्हणजे रस्त्यात अडलेल्या गाडीला मदत पाठवण्याचे, कलम मात्र वेगळी मापे वापरते. किती किलोमीटरपर्यंत टोइंग (गाडी ओढून नेणे), वर्षातून किती वेळा मदत, बॅटरी उतरली तर काय, किल्ली आत राहिली तर काय. याचे कारण हे कलम मुळात विम्याचे नाही. ते मोटारचालकांच्या क्लबांकडून आले आणि विम्याला बऱ्याच उशिरा जोडले गेले.

विम्याच्या मूळ रचनेत त्याला जागाच नव्हती. अचानक, बाहेरून झालेले नुकसान भरून द्यायचे. झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळायचा, हा मोटार विम्याचा जुना नियम. अपघातात चेपलेली गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा वाजवी खर्च मूळ पॉलिसीत बसतो. तीच गाडी, तीच क्रेन, तेच गॅरेज, पण कारण क्लच जळाल्याचे असेल, तर त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. म्हणून टोइंगचा उल्लेख अनेकदा दोन ठिकाणी असतो, एकदा अपघाताखाली आणि एकदा अ‍ॅड-ऑनमध्ये (जादा हप्ता भरून घेतलेल्या पुरवणी कलमात), आणि दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असतात. लोक यातली एकच वाचतात आणि नेमके तिथेच फसतात.

क्लबांची गोष्ट सुरू होते ती गाड्यांच्या दुरुस्तीपासून नव्हे. ब्रिटनमधली एक संघटना १९०५ मध्ये निघाली ती पोलिसांच्या वेगसापळ्यांची आगाऊ खबर सभासदांना देण्यासाठी. अशी खबर देणे पोलिसांच्या कामात अडथळा ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटल्यावर तिच्या गस्तवाल्यांनी उलटी खूण काढली. सभासदाची गाडी दिसली की सलाम करायचा. सलाम झाला नाही, तर पुढे सापळा आहे असे समजायचे. ही माणसे रस्त्यावर होतीच, त्यामुळे पंक्चर आणि बिघाडही त्यांच्याकडे येऊ लागले. पुढे रस्त्याकडेला फोनच्या लाकडी चौक्या उभ्या राहिल्या आणि त्यांची किल्ली प्रत्येक सभासदाच्या खिशात आली. अमेरिकेत १९१५ मध्ये सेंट लुईसच्या एका क्लबाने अडलेल्या सभासदांसाठी मोटारसायकलस्वार पाठवले. पुढच्याच वर्षी टेनेसीतल्या चॅटानूगाच्या एका गॅरेजमालकाने जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवून पहिली टो-गाडी तयार केली. त्याआधी ओढ्यात उलटलेली एक गाडी माणसे आणि दोर लावून बाहेर काढताना त्याचे अनेक तास गेले होते.

खरा बदल १९६० नंतरचा. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये अशी कंपनी निघाली, जिचा धंदाच सहाय्याचा होता: परदेशात अडकलेल्या प्रवाशाने फोन करायचा आणि कंपनीने माणूस, रुग्णवाहिका, गाडी जे लागेल ते पोहोचवायचे. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या एका नव्या क्लबाने स्वतःची गस्त न ठेवता गावोगावच्या गॅरेजांशी करार करून सेवा उभी केली. आज विमा कंपन्या जी रचना वापरतात तिचे मूळ मला इथेच दिसते. फोन घेणारा एक, बांधिलकी दुसऱ्याची, आणि व्हॅन घेऊन येणारा तिसराच.

आता प्रश्न उभा राहिला: पैसे आधी घेऊन, कधी घडेल हे ठाऊक नसलेल्या प्रसंगात मदतीचे वचन देणे, हा विमाच नव्हे का? युरोपच्या सामाईक बाजारातल्या देशांनी १० डिसेंबर १९८४ च्या निर्देशाने, म्हणजे सर्व सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायच्या सामाईक नियमाने, त्याचे उत्तर दिले. प्रवासात अडचणीत सापडलेल्यांना दिलेले सहाय्य हा विम्याचा स्वतंत्र, अठरावा वर्ग ठरला. मदत रोख रकमेऐवजी प्रत्यक्ष कामाच्या रूपात दिली तरी तो विमाच, हे मान्य झाले. कंपनीकडे नुसता निधी पुरेसा नाही. माणसे आणि साधने आहेत का, हे तपासण्याची मुभाही देखरेख करणाऱ्यांना मिळाली.

पण त्याच निर्देशात सूटही होती, आणि माझ्या मते सगळा गुंता तिथे झाला. आपल्याच देशात, मुख्यतः स्वतःची माणसे आणि साधने वापरून जागेवर दुरुस्ती करणाऱ्या संस्थेला हा नियम लावणे देशांवर बंधनकारक नव्हते. परदेशातही सभासदाने कार्ड दाखवल्यावर तिथल्या सहयोगी क्लबाने जादा हप्ता न घेता मदत केली, तर तीही सुटली. म्हणजे उतरलेली बॅटरी दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करण्याच्या (जम्प-स्टार्टच्या) त्याच दोन वायरी, पण लावणारा पगारी नोकर की कंत्राटी गॅरेजवाला, यावर ती सेवा की विमा हे ठरणार. जुन्या क्लबांची सोय झाली, हे उघड आहे. गाडीत बसून वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही रेघ चुकीच्या जागी पडली. व्हॅन कोणाच्या नावावर आहे याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. ती आली नाही तर दाद कोणाकडे मागायची, एवढेच त्याला कळायला हवे असते.

दुसरा तिढा एका छोट्या शब्दाचा. त्याच सवलतीत गाडी ‘सर्वांत जवळच्या किंवा सर्वांत योग्य’ दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा उल्लेख आहे. हा ‘किंवा’ कोणी वापरायचा, मालकाने की कंपनीने? जिथे पॉलिसीत फक्त ‘जवळचे’ एवढेच आहे, तिथे ओळखीच्या गॅरेजपर्यंतचे वरचे किलोमीटर मालकाच्या खिशातून जातात.

पुढे गाडी उत्पादकांनीही वॉरंटीसोबत ही मदत देऊ केली, आणि एकाच गाडीला तीन-तीन ठिकाणांहून तेच वचन मिळू लागले. कारणे मात्र फारशी बदलली नाहीत: जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या क्लबाच्या अलीकडच्या वार्षिक आकडेवारीत बिघाडांपैकी ४० टक्क्यांहून अधिक १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे झालेले दिसतात. ती बॅटरी इलेक्ट्रिक गाडीतही असते. मात्र इलेक्ट्रिक गाडीची मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरवत ओढली तर मोटर वीज निर्माण करू लागते आणि नुकसान होऊ शकते, म्हणून तिला बहुतेक वेळा फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रकच, लागतो. किलोमीटर मोजणाऱ्या जुन्या कलमात कोणते वाहन पाठवणार, हे लिहिलेले नसते. चार्ज संपणे हा बिघाड की पेट्रोल संपण्यासारखी चालकाची चूक, यावरही प्रत्येक पॉलिसीचे उत्तर वेगळे आहे.