तरवड

मराठवाड्यातील माळरानांवर सर्वत्र आढळणारे, पिवळ्या फुलांचे सदाहरित रानझुडूप. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या ग्रंथांत ते कॅसिया ऑरिक्युलाटा म्हणून सापडते. कुल शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे. संस्कृत नाव आवर्तकी.

झुडूप साधारण पुरुषभर उंच व बुडापासून फांद्या फुटलेले असते. पाने संयुक्त असून दर पानाला दलांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, 8 ते 12 जोड्या असतात. फुले मोठी, पाच पाकळ्यांची. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आतल्या बियांचा उठाव वरून दिसणारी. मात्र तरवड ओळखण्याची खरी खूण फुलात नाही. पान खोडाला जिथे चिकटते तिथे बोटाने चाचपून पाहावे : दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे लागतात. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कान असलेली, हे नाव त्यावरूनच पडले. पिवळ्या फुलांमुळे टाकळ्याशी गल्लत होते. पण टाकळा पावसाळी रोप आहे, त्याला दलांच्या तीनच जोड्या आणि शेंगा बारीक, लांब असतात. फुले नसतानाही या कानांवरून तरवड ओळखता येतो.

 मुरमाड बरड, गायरान, बांध, रस्त्याच्या कडा, बालाघाटाचे उघडे उतार ही त्याची जागा. शेरडे-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईने बोडक्या झालेल्या माळावरही तो हिरवा उभा राहतो. अशा जमिनीला निकामी म्हणणाऱ्याने पाऊस सरताना, तरवड फुललेला असतो तेव्हा, तिथे एकदा जाऊन यावे. फुलात मध नसतो, तरी काळे भुंगे येतात. परागकोशाला, म्हणजे पराग साठवणाऱ्या पिशवीला, टोकाशी बारीक छिद्र असते. भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा त्यातून पराग झडतात.

सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्याने कातडी कमावण्यासाठी ती पूर्वापार वापरतात. नवरात्रात घटावर सोडायच्या माळेसाठी गावोगाव तरवडाचीच फुले खुडतात; सकाळी परडी घेऊन माळावर गेले की एका झुडपात माळेपुरती फुले मिळतात. नांदेडच्या सीमेपलीकडे, तेलंगणात, हाच ‘तंगेडू’ बतुकम्मा या सणात फुलांच्या उतरंडीत रचतात. तो त्या राज्याचे राज्यफूल आहे.