शोभेचा केक (डमी केक)

दुकानाची काच, प्रदर्शन, स्पर्धा किंवा समारंभातील मांडणी यांसाठी अखाद्य गाभ्यावर आयसिंग चढवून केलेला केक. बहुमजली केकचा एखादाच मजला खरा ठेवून बाकीचे शोभेचे करण्याची रीतही यातच मोडते.

उगमाविषयी एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचे आयसिंग करण्यास मनाई झाली. तेव्हा लग्नात छोट्या केकवर पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टरचे नक्षीदार आवरण झाकत. ते बहुधा भाड्याने आणलेले असे. लोकप्रिय लेखनात प्रथेचा आरंभ इथूनच धरतात. परंतु १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या विवाहातील केकचा तळमजलाच तेवढा खरा होता, वरचे मजले निव्वळ साखरेचे होते, असे सांगितले जाते. त्याआधी फ्रेंच पाककार कारेम (१७८४–१८३३) साखर व गोंदाच्या लगद्यातून मंदिरे, मनोरे रचत असे. युद्धाने साहित्य बदलले, कल्पना जुनीच, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गाभ्यासाठी आज मुख्यतः थर्मोकोल वापरतात. तो हलका असतो, ओल शोषत नाही आणि सडत नाही. बारीक व घट्ट दाण्याचा ठोकळा निवडावा. वस्तूंच्या वेष्टनातला भरड थर्मोकोल कापताना दाणे सुटतात. कडा पॉलिशपेपरने किंचित गोल केल्या नाहीत, तर फॉन्डंट (लाटून केकवर चढवायचा साखरेचा लवचीक लगदा) नेमका तिथेच फाटतो. अॅसिटोन किंवा तत्सम द्रावक असलेला स्प्रे उघड्या थर्मोकोलवर मारल्यास तो विरघळून खड्डे पडतात. वजन नसल्याने ठोकळा तळाच्या पाटाला चिकटवणे आवश्यक.

आवरणात रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर यांचे मिश्रण, सर्वांत टिकाऊ. खाण्याच्या केकसाठी ते मऊ राहावे म्हणून ग्लिसरीन घालतात. शोभेच्या केकसाठी ते वगळणेच इष्ट. फुलांच्या फॉन्डंटमध्ये सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ही घट्टपणा आणणारी पूड) किंवा ट्रॅगाकँथ गोंद मिसळल्यास पाकळ्या कडक वाळतात. लोण्याचे बटरक्रीम मात्र टाळावे : ते उष्णतेने ढळते, कालांतराने खवट होते.

साखर हवेतील ओल शोषत असल्याने कोकणपट्टीच्या पावसाळ्यात फॉन्डंटला पाणी सुटते. फ्रीजमधून बाहेर काढताच त्यावर दव धरते, म्हणून शोभेचा केक तिथे ठेवतच नाहीत. ऊन लागल्यास खाद्यरंग विटतात. गुलाबी व जांभळा सहसा आधी.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यास बंदी आल्यामुळे पुठ्ठा व लाकूड यांचा विचार करावा लागतो. पुठ्ठा आयसिंगमधील पाणी ओढून फुगतो. त्याला आधी वार्निशचा हात देऊन पूर्ण वाळू द्यावा लागतो.