बँड सांगण्याआधी : आम्ही काय वाजवतो, आणि पट्टी आधी का विचारतो

साखरपुडा, लग्नाचं रिसेप्शन, मंडळाचा गणपती, मुलांच्या शाळेतला सेंट पॅट्रिक्स डे (17 मार्चचा आयरिश सण). आमचा बँड आयरिश पारंपरिक संगीत वाजवतो. डब्लिन आणि आसपासच्या मराठी घरांतून बोलावणं आलं की पहिला निरोप ठरलेला असतो : "तुमची गाण्यांची यादी पाठवा." आम्ही यादी पाठवतो. ती कुणाच्या ओळखीची नसते, म्हणून तिकडून दहा-बारा व्हिडिओंच्या लिंक येतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळतं की त्यातलं एक गाणं नवरीची मावशी स्वतः गाणार आहे, काळी चारमध्ये (म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर; हीच तिची पट्टी). इथे सगळ्यांचा वेळ जातो, आमचा आणि मावशींचाही. हे पत्रक त्यासाठी.

यादीत गाणी थोडी, धुना फार

आयरिश पारंपरिक संगीताचा मोठा भाग बिनशब्दांचा आहे, आणि तो नाचासाठी आहे. आमच्या यादीत गायची गाणी पंधराएक आहेत. बाकी सगळ्या धुना. रील चार-चारच्या चालीची, आपल्या केरव्याच्या अंगाने जाणारी. जिग सहाची, म्हणजे दादऱ्याची चुलत बहीण. पोल्का दोनची, हॉर्नपाइप झुलत चालणारी, वॉल्ट्झ तीनची. स्लिप जिग नऊची, तीन-तीन-तीन अशी. तिच्यावर टाळ्या धरणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो, तेव्हा ती नुसती ऐका.

एका धुनेचे सहसा दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) आणि दोनदा वाजणारा, म्हणजे एक आवर्तन 32 बारचं. नाचाच्या नेहमीच्या गतीला रीलचं आवर्तन साधारण 34 सेकंदांत संपतं. आम्ही एक धून तीनदा घेतो, न थांबता दुसरीत शिरतो, मग तिसरीत. तीन धुनांचा हा सेट झाला पाच मिनिटांचा. "फक्त अमुक रील वाजवा" असं सांगितलंत तर ती पावणेदोन मिनिटांत संपेल आणि नाचायला उठलेले लोक अर्ध्या वाटेत उभे राहतील. म्हणून आम्ही फर्माईश सेटमध्ये गुंफतो. तुमची धून टाळली असं समजू नका, बहुतेक वेळा ती दुसरी असते.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. आयर्लंडमध्ये 'मिस मॅक्लाउड्स रील' म्हणून वाजते तीच धून अमेरिकेत 'हॉप हाय लेडीज' होते. उलट एकाच नावाच्या दोन वेगळ्या धुनाही निघतात. कित्येक रेकॉर्डवर धुनेच्या नावाच्या जागी 'गॅन आनिम' छापलेलं दिसतं. आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'बिननावाची'. शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील याने 1903 साली 1850 धुनांचा संग्रह छापला. त्यातल्या बऱ्याच धुना आज सेशनमध्ये (पबात जमून वाजवायच्या बैठकीत) वेगळ्याच नावांनी वाजतात.

गाण्यांचंही तेच. 'गॅलवे गर्ल' हवं म्हणालात की आमचा पहिला प्रश्न : कुठलं? एक स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गायकाचं, 2000 सालचं. दुसरं एड शीरनचं, 2017 सालचं. नाव सोडलं तर दोन्हींत काही सारखं नाही. 'टायटॅनिक'मध्ये खालच्या वर्गातल्या पार्टीत वाजतं ते हवं असेल, तर ती 'जॉन रायन्स पोल्का'. ती आम्ही वाजवतो, आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मागतंच. 'डर्टी ओल्ड टाउन' आयरिश समजून मागतात. ते इंग्लंडमधल्या सॅल्फर्डवरचं गाणं आहे, इवन मॅकॉलचं, पण इथल्या पबांनी ते इतकं आपलंसं केलंय की आम्हीही ते यादीत ठेवलंय. 'डॅनी बॉय'चे शब्द एका इंग्रज वकिलाने लिहिले, 1913 मध्ये ते छापले गेले. चाल मात्र आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताची आणि जुनी.

लग्नासाठी एक सूचना. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' ऐकायला अतिशय गोड आहे, त्यात लग्नाचा दिवस जवळ आल्याचं वचन आहे, म्हणून ते मागवलं जातं. पण शेवटच्या कडव्यात प्रेयसी रात्री येते ती मेल्यानंतर, असाच अर्थ बहुतेक लोक लावतात. सभागृहातल्या आयरिश पाहुण्यांना हे माहीत असतं. वधूवरांच्या प्रवेशाला त्याऐवजी टर्लो ओ'कॅरोलनचं (1670–1738) 'शीबेग शीमोर' घ्या. या अंध हार्पवादकाची ही पहिली रचना मानली जाते. आमच्या गतीला एक आवर्तन मिनिटभराचं होतं. दारापासून मंचापर्यंत यायला किती वेळ लागतो ते आधी एकदा घड्याळ लावून चालून बघा. नऊवारीत जास्त लागतो.

पट्टी : सगळा घोळ इथे

तुमच्यापैकी कुणी आमच्याबरोबर गाणार असेल, मराठी किंवा आयरिश, तर पट्टी सहा आठवडे आधी कळवा. बाकी काही उशिरा कळवलंत तरी निभावून नेऊ.

कारण असं. टिन व्हिसलला बासरीसारखी सहा छिद्रं असतात. सगळी बंद केली की पांढरी दोन वाजते, आणि एकेक बोट उचलत गेलं की पांढरी दोनचं शुद्ध सप्तक मिळतं. बोटं जरा वेगळी धरली की कोमल निषादही येतो. लाकडी बासरी तशीच. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, मोकळ्या तारा पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. इलन पाइप (आयरिश बॅगपाइप) कोपराखालच्या भात्याने वाजतात आणि त्यांचा सतत वाजणारा खर्ज पांढरी दोनवर बांधलेला असतो, तो मंचावर हलत नाही. म्हणजे हे सगळं घराणंच पांढरी दोन, पाच आणि सहाच्या आसपास वसलेलं आहे. कुणी काळी चार म्हटलं की गिटारवाला कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारी चिमटी) लावून मोकळा होतो, बौरानला (एका बाजूने चामडं मढवलेला डफच तो, पण छोट्या काठीने वाजणारा) पट्टीशी फारसं देणंघेणं नसतं, आणि उरलेले तिघे हात बांधून बसतात. मग तुम्ही पाच जणांचे पैसे देऊन दोघांना ऐकता.

"दुसरी व्हिसल आणा ना, स्वस्त तर असते." असते, आणि आमच्याकडे आहे. पण फिडलच्या मोकळ्या तारा, पाइपचा खर्ज आणि बटणांच्या अकॉर्डियनवरची सवयीची बोटं एका व्हिसलने बदलत नाहीत.

उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेवर करायला हवा. काळी चारवाल्यांनी पांढरी पाच घ्यावी, अर्धा सूर खाली. काळी पाचवाल्यांनी पांढरी सहा, तीही अर्धा सूर खाली. काळी दोनवाल्यांनी पांढरी दोन. पुरुषांपैकी काळी एकवाल्यांना पांढरी दोनला अर्धा सूर वर जावं लागतं. तिथे मात्र अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर आधी गाऊन बघा, ताण पडत असेल तर दुसरं गाणं निवडा. अर्धा सूर म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण कॅराओके ट्रॅकवर महिनाभर काळी चारमध्ये घोटलेला गळा मंचावर आपसूक तिकडेच सरकतो. निदान दोन आठवडे नव्या पट्टीत रियाज करा, तानपुऱ्याच्या ॲपमध्ये 440 (पांढरी सहाची हर्ट्झमधली कंपनसंख्या) लावून. घरची पेटी 440 ला असेलच असं नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नका. तबला आणणार असाल तर तो त्याच पट्टीला मिळवून आणा. मंचावर हातोडी घेऊन गट्ठे ठोकत बसायला वेळ नसतो.

दुसरा प्रश्न रागाचा. पांढरी दोनची व्हिसल दिसते त्यापेक्षा उदार आहे. सा पांढरी दोनवर धरला तर बिलावल आणि खमाज हाताशी. पांढरी तीनवर धरला तर काफी. आणि तेच स्वर पांढरी पाचवरून म्हटले की मध्यम आपोआप तीव्र होतो, समोर यमन उभा. यमनमधलं भावगीत पांढरी पाचमध्ये आणलंत तर व्हिसलवाल्याला एकही वेगळं बोट शिकावं लागत नाही. काळी चारवाल्या मावशींना अर्धा सूर उतरायला आम्ही का सांगतो, ते यावरून लक्षात येईल. भैरव, तोडी, पूर्वी, मारवा आमच्याकडे बसत नाहीत. भैरवी गंमत म्हणून पांढरी सातवर निघते, पण पाइपचा पांढरी दोनचा खर्ज तिथे सतत टोचतो. कार्यक्रमाचा शेवट भैरवीनेच हवा असेल तर ती तुमच्या पेटीवर होऊ द्या, आम्ही शांत बसतो.

ताल केरवा किंवा दादरा असू द्या. रूपक आणि झपताल आम्ही बसवू शकतो, पण त्यावर कुणी नाचणार नाही.

नाच असेल तर

इथल्या सामूहिक नाचाला 'केयली' म्हणतात. (नेहमीसारखं 'केली' लिहिलं तर मराठीत क्रियापद होतं, म्हणून आम्ही असं लिहितो.) न शिकलेल्या पाहुण्यांसाठी आम्ही दोनच नाच घेतो. 'वॉल्स ऑफ लिमरिक' रीलवर, दोघांसमोर दोघे. 'सीज ऑफ एनिस' जिगवर, चारांसमोर चार. चाळीस पाहुणे असतील तर आठ-आठांचे पाच गट. प्रत्येक गटाला निदान चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद जागा सोडा. जेवणाची टेबलं आधीच भिंतीला लावा. नाच सुरू झाल्यावर हलवायला घेतलीत तर वीस मिनिटं जातात.

यातला स्विंग आपल्या लोकांना पटकन जमतो, कारण तो फुगडीच आहे : हात अढी घालून धरायचे आणि जोडीने गोल फिरायचं. फरक दोन. फुगडीत हात ताणून मागे झुकतो, इथे कोपरं वाकवून अंग जवळ ठेवायचं. आणि फुगडी दमेपर्यंत चालते, स्विंग आठ बारचा असतो, म्हणजे आठ-साडेआठ सेकंद. त्यानंतर हात सोडायचाच, कारण पुढच्या बारला समोरची ओळ अंगावर येते. मराठी समारंभात रांग मोडते ती नेहमी इथेच, एखादी जोडी हौसेने फिरत राहते म्हणून. 'सीज ऑफ एनिस'मध्ये एक ओळ हात उंच करते आणि दुसरी खालून जाते. फेटे त्याआधी काढून ठेवा, पदर खोचून घ्या.

नाच सांगणारा कॉलर वगळून पैसे वाचवता येतील का, असं विचारलं जातं. आमचं उत्तर नाही असंच असतं. कॉलर नसेल तर आम्ही ऐकण्याचा कार्यक्रम करू, नाचाचा घेणार नाही. आमचा कॉलर मराठीतूनही सांगतो. आजीआजोबा उठून ओळीत येतात ते त्यामुळेच.

बाकीचं थोडक्यात

आम्ही हौशी आहोत, पाचही जण नोकरी करतो, तालीम आठवड्यातून एकदा. यादीबाहेरचं एक गाणं उभं करायला तीन तालमी लागतात, म्हणून नव्या गाण्याचे वेगळे पैसे घेतो आणि एका कार्यक्रमात दोनांपेक्षा जास्त नवी गाणी घेत नाही. राजकीय बंडाची गाणी मिश्र पाहुण्यांसमोर गात नाही, कितीही आग्रह झाला तरी. पाइपला सभागृहाच्या हवेत रुळायला वीस मिनिटं द्या. उघड्यावर, डिसेंबरात, ते येणार नाहीत. ढोल-ताशा पथक असेल तर ते आमच्या आधी ठेवा किंवा नंतर, एकाच वेळी नको. वाजवणं पंचेचाळीस मिनिटांच्या दोन भागांत होतं. मुहूर्त लांबला तर पहिला भाग छोटा करू, पण दुसऱ्यात नाच असेल तर तो कापणार नाही.

आता लिंकऐवजी एवढंच पाठवा : तारीख, सभागृहाचा पत्ता, पाहुणे अंदाजे किती, त्यातले नाचणारे किती, फरशी लाकडी की गालिचा, आणि गाणारं कुणी असेल तर गाणं, पट्टी व ताल. पट्टी माहीत नसेल तर घरी गाताना फोनवर एक कडवं टिपून पाठवा. ती आम्ही शोधून देतो, आणि कुठल्या पट्टीत रियाज करायचा तेही सांगतो. याचे पैसे लागत नाहीत, बँड आमचा घेतलात किंवा दुसरा कुठला तरी.

17 मार्चच्या आसपासच्या तारखा ख्रिसमसच्या आतच भरतात. गणपतीचे शनिवार अजून बहुतेक मोकळे असतात.