मिलवॉकीच्या इलेक्ट्रिशियनचा तासाचा दर : पार्श्वभूमी

मे २०२४च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेत इलेक्ट्रिशियनचं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६२,३५० डॉलर होतं. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो काढतात कसा हे क्वचितच कुणी सांगतं. तासाच्या दराला २,०८०ने गुणायचं, म्हणजे वर्षभर दर आठवड्याला चाळीस तास काम मिळालं असं धरायचं. एक साइट संपून दुसरी सुरू होईपर्यंत घरी बसावं लागलं, तर ते आठवडे यात दिसत नाहीत. ओव्हरटाइमचा जादा दर, आरोग्य विमा आणि पेन्शनही यात धरलेली नाहीत. स्वतःचा धंदा करणारे तर मोजलेच जात नाहीत. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीसारख्या, बांधकामावर हिवाळ्याचा फटका बसणाऱ्या शहरात हा आकडा फार जपून वाचावा लागतो.

विस्कॉन्सिन राज्याने १९११ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा केला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. वर्गात बसलेल्या तासांचेही पैसे मालकाने द्यायचे, ही तिथली जुनी पद्धत. पुढची पन्नास वर्षं कारखान्यांच्या भरभराटीची होती. १९६० साली मिलवॉकी शहराची लोकसंख्या ७,४१,००० झाली आणि तिथून उतरण लागली. २०२० साली ती ५,७७,००० होती. मिलवॉकीतली घरं किनाऱ्यावरच्या शहरांच्या मानाने स्वस्त राहिली, त्यामागे ही ओहोटीही आहे. ‘परवडणारं शहर’ म्हणून कौतुक करणाऱ्या लेखांत ती सहसा नसते.

खरा गुंता ‘प्रचलित वेतना’चा आहे. सरकारी पैशाच्या बांधकामावर त्या भागात चालू असलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, असा संघराज्याचा कायदा १९३१ साली झाला. विस्कॉन्सिननेही त्याच वर्षी आपला कायदा केला. पण चालू दर म्हणजे नेमका कोणता? निम्म्याहून अधिक लोकांना एकच दर मिळत असेल, तर प्रश्नच नाही. तसं नसेल, तर निदान ३० टक्क्यांना मिळणारा सगळ्यात रुळलेला दर धरायचा, आणि तोही सापडला नाही तर सरासरी काढायची, अशी पद्धत अनेक दशकं होती. १९८२ साली ३० टक्क्यांची मधली पायरी काढून टाकण्यात आली. त्यावर कोर्टबाजी झाली, पण बदल टिकला.

हा बदल कागदावर कोरडा दिसतो. समजा, एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) शंभर इलेक्ट्रिशियन आहेत. चाळीस जण युनियनचे, सगळ्यांना करारानुसार तासाला ४५ डॉलर. उरलेले साठ वेगवेगळ्या ठेकेदारांकडे, २६पासून ३८पर्यंत विखुरलेले, सरासरी ३२. जुन्या नियमाने दर ४५ ठरतो, नव्या नियमाने ३७.२०. युनियनचा दर करारामुळे प्रत्येकाला सेंटासकट सारखा असतो, म्हणून ३० टक्क्यांची अट त्यालाच गाठता येते. विरोधकांचा मुद्दाही हाच होता की साठ लोकांना जो दर मिळत नाही, तो ‘प्रचलित’ कसा? मुद्दा गैर नाही. पण सरासरीचे ३७.२० तरी त्या शंभरातल्या एकाला तरी मिळतीलच असं नाही, हे कुणी फारसं बोललं नाही. १९६४पासून या दरात विमा-पेन्शनचा भागही धरतात. त्यामुळे चेकवरचा दर आणि पूर्ण पॅकेज यांत बरंच अंतर असू शकतं, आणि पगारावरच्या वादात एक जण पहिल्याबद्दल बोलतो, दुसरा दुसऱ्याबद्दल.

विस्कॉन्सिनने मात्र व्याख्येशी न खेळता आपला कायदाच मोडीत काढला. मार्च २०१५मध्ये युनियनची वर्गणी सक्तीने घेण्यावर बंदी आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातून शाळा, नगरपालिका यांच्या कामांवरचं प्रचलित वेतन रद्द झालं. हा बदल १ जानेवारी २०१७पासून लागू झाला, आणि सप्टेंबर २०१७मध्ये राज्याच्या कामांवरचं प्रचलित वेतनही गेलं. एवढा मोठा बदल अर्थसंकल्पात गुंडाळून करावा लागला, यातच बरंच आलं. करदात्यांचे पैसे वाचतील असं सांगण्यात आलं. किती वाचले यावर दोन्ही बाजूंचे अभ्यास आहेत, आपापल्या बाजूचे.

त्यानंतर चक्र वॉशिंग्टनमधून उलटं फिरलं. २०२२च्या कायद्याने, मोठ्या सौर प्रकल्पांनी प्रचलित वेतन दिलं आणि शिकाऊ उमेदवार घेतले तर त्यांना ३० टक्के करसवलत देऊ केली, नाहीतर ६ टक्के. ऑक्टोबर २०२३मध्ये चालू दर ठरवण्याची ३० टक्क्यांची जुनी पायरीही परत आली.

तोवर खर्चाची बाजू बदललेली होती. २०२१ साली तीन टक्क्यांच्या आसपास मिळणारं तीस वर्षांचं गृहकर्ज ऑक्टोबर २०२३मध्ये पावणेआठच्या घरात गेलं. १ जानेवारी २०२४पासून शहराने पेन्शनचा खड्डा भरायला २ टक्के विक्रीकर लावला. काउंटीचाही वाढला, आणि एकूण ७.९ टक्के झाला. एप्रिल २०२४मध्ये शाळांसाठी २५.२ कोटी डॉलरची वाढ मतदारांनी मंजूर केली. ती मुख्यतः मालमत्ता करातून येणार होती. त्यामुळे स्वस्त घरावरचा कर आता स्वस्त राहिलेला नाही, आणि भाडेकरूलाही तो भाड्यातून भरावा लागतो.

शहराच्या दक्षिणेला माउंट प्लेझंटमध्ये २०१७ साली एका तैवानी कंपनीने १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन दिलं होतं. २०२१च्या सुधारित करारात त्या १,४५४वर आल्या. त्याच परिसरात मे २०२४मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ३.३ अब्ज डॉलरच्या डेटा सेंटरची घोषणा केली. अशा कामाला इलेक्ट्रिशियन शेकड्यांनी लागतात आणि ओव्हरटाइमही भरपूर असतो. शहरातल्या शंभर वर्षं जुन्या दुमजली घरांतली वायरिंग बदलणाऱ्या लहान ठेकेदाराला तेवढा दर परवडत नाही. माणूस टिकवायचा तर त्याला घरमालकाचं बिल वाढवावं लागतं.