फ्लू : सामुदायिक प्रतिबंध

फ्लू (इन्फ्लुएन्झा) या विषाणूजन्य श्वसनरोगाचा फैलाव रोखण्यासाठी घर, शाळा, कचेरी व वस्तीत करावयाचे उपाय. महाराष्ट्रात फ्लूची साथ प्रामुख्याने पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या अखेरीस डोके वर काढते.

लागण झाल्यावर १ ते ४ दिवसांत ताप, कोरडा खोकला, अंगदुखी सुरू होते. रुग्ण मात्र लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे ५ ते ७ दिवस विषाणू पसरवतो, लहान मुले त्याहूनही जास्त. त्यामुळे केवळ आजारी माणूस वेगळा ठेवून साथ पूर्ण थांबत नाही. तरी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाळला जाणारा नियम तोच. ताप उतरवणारे औषध न घेता २४ तास ताप आला नाही, तरच बाहेर पडावे. सकाळी पॅरासिटामॉलचे सिरप पाजून मूल शाळेत धाडले, तर मधल्या सुट्टीपर्यंत ताप पुन्हा चढतो आणि तोवर शेजारच्या बाकांपर्यंत विषाणू पोचलेला असतो.

पावसाची झड आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतात. निदान वाऱ्याच्या आडोशाची एक बाजू उघडी ठेवावी. मास्क नाकाखाली सरकला की निरुपयोगी. टणक पृष्ठभागांवर विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, म्हणून कड्या, नळ, जिन्याचे कठडे पुसावेत. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. हात किमान २० सेकंद चोळावेत. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ६० टक्क्यांहून अधिक हवे, आणि चिखलाने माखलेल्या हातांवर त्याचा फारसा उपयोग नाही.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणूचे रूप बदलत राहते. संरक्षण तयार होण्यास सुमारे २ आठवडे लागत असल्याने ती पावसाळ्यापूर्वी घेणे इष्ट. गरोदर स्त्रिया, वृद्ध, ५ वर्षांखालील मुले, मधुमेही व दमेकरी यांना प्राधान्य द्यावे. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. गंभीर आजाराचा धोका मात्र घटतो.

एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. पुणे-मुंबईतील शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवली गेली. पुढे केंद्राने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी केली : सौम्य लक्षणांच्या ‘अ’ रुग्णाने तपासणी न करता घरीच थांबावे. तपासणीसाठी सरसकट गर्दी झाली, तर रांगेतच लागण होते. धोक्याच्या गटातील ‘ब’ रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ओसेल्टामिवीर हे विषाणूरोधक औषध शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू करतात. धाप, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे ही ‘क’ वर्गाची लक्षणे. अशा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.